कोटीत एक

फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमधली गोष्ट. प्रयोग होता प्लँकचा स्थिरांक काढण्याचा. चार रंगांचे एलईडी, एक व्होल्टमीटर, आणि प्रत्येक एलईडी पेटायला लागतो तेव्हाचं व्होल्टेज टिपायचं. आलेख काढला, चढ मोजला, गणित केलं... आणि उत्तर आलं ७.८. पुस्तकात ६.६३. (दोन्हीच्या पुढे १० चा उणे ३४ वा घात.) सबमिशनला दोन दिवस राहिलेले. मग काय, खोडरबर घेतला, गणित उलटीकडून मांडलं, रीडिंग्ज 'बसवली' आणि जर्नलमध्ये ऐटीत लिहिलं ६.६१. एरर ०.३ टक्के! सही झाली, विषय संपला.

खरं तर संपला नव्हता, पण ते मला दोन वर्षांनी कळलं. तेही अशा एका माणसामुळे, ज्याचं नाव मी तोपर्यंत धड ऐकलंही नव्हतं.

झालं असं की तिसऱ्या वर्षी टेक्निकल सेमिनारसाठी विषय द्यायचा होता. सगळे आयओटी आणि इलेक्ट्रिक व्हेईकलवर तुटून पडलेले. मला काहीतरी हटके हवं होतं, म्हणून 'कोल्ड फ्यूजन' लिहून दिलं. संध्याकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या नेहमीच्या टपरीवर कटिंग घेताना हे रूमीला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. त्याचं म्हणणं, ही तर सायन्समधली सगळ्यात मोठी फजिती, तू काय बंद पडलेल्या दुकानाची पाटी रंगवतोयस? मी गाईडकडे गेलो. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की ट्रॉम्बेला काय झालं होतं ते माहीत आहे का? अय्यंगार हे नाव ऐकलंय का?

मित्रांनो, तिथून पुढचे दोन महिने मी डॉ. पी. के. अय्यंगार या माणसाच्या मागे लागलो. आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आपल्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत होते. म्हणून आधी त्यांची ओळख करून देतो.

पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार. जन्म २९ जून १९३१. केरळात फिजिक्स शिकले आणि १९५२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. तेव्हा वय २१, म्हणजे आपण टी.ई.-बी.ई.ला असतो तेवढं. पुढे होमी भाभांनी ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्र उभं करायला घेतलं आणि अय्यंगार तिकडे गेले. देशाकडे तेव्हा अणुभट्टी नव्हती. 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी सुरू झाली ४ ऑगस्ट १९५६ ला.

त्याच सुमारास त्यांना कॅनडातल्या चॉक रिव्हरला पाठवलं गेलं. तिथे बर्ट्रम ब्रॉकहाउस हे शास्त्रज्ञ न्यूट्रॉनचा झोत स्फटिकावर सोडून, तो कसा विखुरतो त्यावरून आतले अणू कसे थरथरतात हे शोधत होते. अय्यंगारांनी त्यांच्याबरोबर जर्मेनियमच्या स्फटिकावर काम केलं. दोघांचा पेपर १९५८ साली आला. ब्रॉकहाउस यांना १९९४ मध्ये याच तंत्रासाठी नोबेल मिळालं. म्हणजे आपला हा माणूस विशी-पंचविशीत जगातल्या सर्वोत्तम न्यूट्रॉनवाल्यांच्या शेजारी उभा राहून न्यूट्रॉन मोजायला शिकला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परत आल्यावर त्यांनी ट्रॉम्बेला न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर इथेच बनवून घेतले. बाहेरून आणायचे तर परकीय चलन हवं, ते कुठून आणणार? वर्कशॉपमध्ये बनवा, अप्सरावर आणि नंतर सायरसवर लावा, बिघडलं तर स्वतः उघडा! आपल्या बनावटीचा असा एक स्पेक्ट्रोमीटर पुढे फिलिपिन्सलाही गेला. १९७१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये 'पूर्णिमा' ही प्लुटोनियमवर चालणारी छोटी अणुभट्टी सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. तिथे जे शिकायला मिळालं ते १८ मे १९७४ च्या पोखरणच्या चाचणीत कामी आलं. राजा रामण्णा आघाडीवर आणि अय्यंगार त्यांच्या बरोबरीने. १९७५ मध्ये पद्मभूषण. १९८४ मध्ये ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे, म्हणजे बीएआरसीचे, संचालक झाले.

आम्हा मेकॅनिकलवाल्यांसाठी यात एक खास किस्सा आहे. ८ ऑगस्ट १९८५ ला 'ध्रुव' अणुभट्टी सुरू झाली आणि लगेच दुखणं निघालं. पाण्याच्या जोरदार प्रवाहात इंधनाच्या कांड्या थरथरायच्या आणि त्यांचं आवरण खराब व्हायचं. साधा व्हायब्रेशनचा प्रॉब्लेम, पण अणुभट्टीच्या आत! ती थांबवून, कारण शोधून, रचना सुधारून ध्रुव पूर्ण १०० मेगावॅटवर चालायला १९८८ उजाडलं. हे सगळं अय्यंगारांच्या कारकिर्दीत झालं. म्हणजे बिघाड काय असतो आणि तो मान्य करून दुरुस्त कसा करतात, हेही या माणसाने जवळून पाहिलेलं होतं.

आणि मग आलं १९८९.

२३ मार्च १९८९. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. दावा असा की टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडली की जेवढी वीज दिली त्याहून जास्त उष्णता बाहेर येते. कारण काय, तर आत ड्युटेरियमचं फ्यूजन! जे सूर्यात कोट्यवधी अंशांवर होतं ते खोलीच्या तापमानाला. जगभर नुसता गोंधळ उडाला. ज्याच्याकडे बॅटरी आणि पॅलेडियम होतं तो कामाला लागला.

ट्रॉम्बे तर तयारच बसलं होतं म्हणायचं. आपल्या अणुभट्ट्या जड पाण्याच्या, त्यामुळे जड पाणी घरचंच. जड पाणी अणुभट्टीत राहिलं की त्यात ट्रिटियम तयार होतं, त्यामुळे ट्रिटियम मोजणारी माणसं रोजच्या सवयीची. आणि न्यूट्रॉन मोजणं तर संचालकसाहेबांचा जन्मभराचा धंदा. काही आठवड्यांतच डझनभर गट कामाला लागले, जवळजवळ ५० शास्त्रज्ञ. पूर्णिमेपासूनचे सहकारी डॉ. एम. श्रीनिवासन त्यात आघाडीवर. हायड्रोजन तयार करायचं एक बाजारात मिळणारं यंत्र होतं, पॅलेडियम-चांदीच्या नळ्यांचं. त्यात जड पाणी घालून वीज सोडली आणि २१ एप्रिल १९८९ ला काउंटर वाजायला लागले. न्यूट्रॉन! आणि नंतर पाणी तपासलं तर ट्रिटियमही, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

आता खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडं फिजिक्स सहन करा.

दोन ड्युटेरियम एकत्र आले की पुस्तकाप्रमाणे दोन मुख्य गोष्टी घडतात. एक तर हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन, नाहीतर ट्रिटियम आणि एक प्रोटॉन. आणि दोन्हीची शक्यता जवळजवळ सारखी, निम्मी-निम्मी. म्हणजे जेवढे ट्रिटियम, साधारण तेवढेच न्यूट्रॉन. प्रमाण एकास एक. (हेलियम-४ आणि गॅमा किरण हा तिसराही रस्ता आहे, पण तो फारच क्वचित, काही कोटींत एखादा.) हे प्रमाण १९३० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजलेलं आहे. अशा आकड्याला कोणी सहसा हात लावत नाही.

ट्रॉम्बेला काय आलं? एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू साधारण एक कोटी! एकास एक नाही, कोटीत एक.

या आकड्यापाशी मी बराच वेळ अडकलो होतो. समजा तुम्ही आहात आणि तुमचं ७.८ आलंय. पुस्तकात ६.६३ आहे. तुम्ही काय केलंत ते मी वर सांगितलंच. (म्हणजे मी काय केलं ते!) इथे तर फरक काही टक्क्यांचा नव्हता, कोटी पटींचा होता. अय्यंगारांनी तो आकडा जसा आला तसा लिहिला. जुलै १९८९ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहच्या परिषदेत जगासमोर मांडला. त्याच वर्षाअखेरीस बीएआरसी-१५०० क्रमांकाचा अहवाल निघाला, संपादक अय्यंगार आणि श्रीनिवासन. १९९० मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात पेपर. त्यांची भूमिका साधी होती. ट्रिटियम ही रासायनिक क्रियेत तयार होणारी वस्तूच नाही. ते दिसतंय म्हणजे काहीतरी अणुकेंद्रात घडतंय, मग पुस्तकातलं प्रमाण जुळो न जुळो. न्यूट्रॉनही सुटे सुटे न येता कधीकधी झुबक्यांनी येताना दिसले, तेही नोंदवलं.

तिकडे युटाच्या दाव्याची चिरफाड सुरू झालीच होती. हे गणित मी स्वतः करून पाहिलं, तुम्हीही करा. एक वॅट उष्णता नेहमीच्या फ्यूजनमधून हवी असेल तर सेकंदाला दीड लाख कोटीहून जास्त फ्यूजन व्हायला हवीत. त्यातून निम्म्या वेळा न्यूट्रॉन. म्हणजे भांड्याशेजारी उभा असलेला माणूस किरणोत्साराने मरायला हवा होता. पण युटात सगळे ठणठणीत! म्हणजे एकतर फ्यूजन नाही, नाहीतर ते प्रमाण पुस्तकातलं नाही.

दुसरा आकडा याहून भारी. स्टीव्हन कूनिन आणि मायकेल नॉएनबर्ग यांनी १९८९ मध्येच गणित मांडलं, की ड्युटेरियमच्या एका रेणूत आपोआप फ्यूजन व्हायची शक्यता दर सेकंदाला साधारण ३ गुणिले १० चा उणे ६४ वा घात. याचा अर्थ, सूर्याच्या वजनाइतकं ड्युटेरियम घेतलं तरी वर्षभरात दोन-तीन फ्यूजन! युटातली उष्णता हवी असेल तर इलेक्ट्रॉनचं वजन आहे त्याच्या दहापट धरावं लागेल, असंही त्यांनी दाखवलं. आता जड इलेक्ट्रॉनची कल्पना अगदीच हवेतली नाही. इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्या २०७ पट जड असलेला म्यूऑन बसला तर थंडीतही फ्यूजन होतं, हे १९५६ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष दिसलेलं आहे. पण पॅलेडियमच्या आत इलेक्ट्रॉन दहापट जड झाल्यासारखा का वागेल? याचं पटेल असं उत्तर कोणाकडे नव्हतं. मग कोणी वजन वाढवून पाहिलं, कोणी दोन केंद्रकांमधलं अंतर कमी धरलं, कोणी प्रमाण बदललं. प्रत्येकाचा आपापला स्थिरांक!

इथे रूमीने मला पकडलं. रात्री होस्टेलच्या गच्चीवर दीड तास वाद झाला. त्याचा मुद्दा असा. तू जर्नलमध्ये रीडिंग्ज बदललीस आणि हे लोक स्थिरांक बदलत होते. फरक काय? दोन्हीकडे उत्तर आधी ठरलेलं आहे. वर त्याने आणखी एक खडा टाकला. ट्रॉम्बेचा तो कोटीत एक आकडासुद्धा प्रत्येक सेलमध्ये सारखा येत नव्हता, कुठे दहापट इकडे, कुठे दहापट तिकडे. जो स्थिर राहत नाही त्याला स्थिरांक कसं म्हणणार? आणि पॅलेडियममध्ये आधीपासूनच ट्रिटियम अडकलेलं नसेल कशावरून?

खरं सांगतो, मला त्या रात्री उत्तर देता आलं नाही. कारण मुद्दे खोटे नव्हते. टेक्सासमधल्या एका प्रयोगशाळेत ट्रिटियम मिळालं होतं आणि तिथल्याच एका शास्त्रज्ञाने नंतर ते मूळ धातूतल्या भेसळीचं असल्याचं सांगितलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकन सरकारच्या समितीने खात्रीलायक पुरावा नाही असा निर्वाळा दिला. १९९१ मध्ये युटातली खास त्यासाठी काढलेली संस्था बंद पडली. आपल्याकडेही १९९० च्या दशकात हे काम हळूहळू थांबलं. अय्यंगार १९९० मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९९३ मध्ये निवृत्त.

मग मी काय केलं, तर माझं जुनं जर्नल शोधून काढलं. कॉटखालच्या खोक्यात होतं. पुसलेले आकडे पेन्सिलीच्या खुणांमुळे अजून पुसट दिसत होते. लाल एलईडी २.२ व्होल्ट. यायला हवं होतं १.९ च्या आसपास. बाकीचे रंगही असेच वर. आणि अचानक ट्यूब पेटली. आम्ही प्रयोग केला दुपारी, खिडकी उघडी ठेवून! उजेडात एलईडीचा पहिला मंद प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, तो नीट पेटल्यावरच दिसतो. म्हणून प्रत्येक व्होल्टेज जास्त, म्हणून ७.८. चूक आमची होती, पण त्या चुकीला कारण होतं, आणि ते कारण त्या आकड्यातच लिहिलेलं होतं. मी तो आकडा पुसला आणि कारणही पुसलं गेलं. ७.८ तसंच ठेवलं असतं तर कोणीतरी, निदान सरांनी तरी, विचारलं असतं की पडदा लावला होता का.

रूमीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. अय्यंगार बरोबर होते म्हणून मोठे, असं मी म्हणत नाही. आजवरचा पुरावा पाहता बहुधा ते बरोबर नव्हते. गूगलने पैसे दिलेल्या एका मोठ्या गटाने २०१५ पासून हे प्रयोग अत्यंत काळजीपूर्वक पुन्हा केले आणि २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं, की कोल्ड फ्यूजनचा पुरावा सापडला नाही. पण अय्यंगारांचा आकडा कागदावर होता म्हणून त्यावर वाद घालता आला. कोणी म्हणालं भेसळ, कोणी म्हणालं मोजमापाची चूक, कोणी म्हणालं नवीन क्रिया. त्यांनी एकास एक 'बसवून' दिलं असतं तर? ट्रॉम्बेच्या नावावर जगाने क्षणभर विश्वासही ठेवला असता. न्यूट्रॉनचा एवढा जाणकार माणूस, पुस्तकातलं प्रमाण त्याला तोंडपाठ होतं. बसवणं काय कठीण होतं?

आणि सिद्धान्तात नवा आकडा धरून पाहणं आणि रीडिंग बदलणं यांत फरक आहेच. पहिल्यात आपण उघड सांगतो की मी असं धरलंय, आता तपासा. दुसऱ्यात आपण लपवतो.

अर्थात रूमीचंही एक मला मान्य करावं लागलं. आकडा लिहिला म्हणजे काम झालं असं नाही. तोच प्रयोग दुसऱ्याने, दुसऱ्या गावात केला तरी तेच यायला हवं. कोल्ड फ्यूजन अडलं ते इथेच. आणि संस्थेचा सर्वांत मोठा साहेबच जेव्हा एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवतो, तेव्हा खालच्या माणसाला शंका काढणं किती सोपं असेल, हा त्याचा प्रश्न मी सेमिनारमध्ये तसाच मांडला. उत्तर माझ्याकडे नाही.

अय्यंगारांपुरतं बोलायचं तर मोठ्या साहेबांपुढे शंका काढायची सवय त्यांना स्वतःला होती, एवढं नक्की. १९९८ च्या पोखरण चाचणीनंतर हायड्रोजन बॉम्बची ताकद ४५ किलोटन असल्याचं सरकारी यंत्रणेने जाहीर केलं. २००० साली निवृत्त अय्यंगारांनी, प्रसिद्ध झालेल्या माहितीवरूनच, त्यातला फ्यूजनचा भाग पुरता जळला नसावा असं जाहीरपणे मांडलं. ज्या खात्याचे ते प्रमुख होते त्याच खात्याविरुद्ध! खात्याने ते मानलं नाही. २००९ मध्ये के. संथानम यांनीही तशीच शंका काढली आणि वाद पुन्हा पेटला. २००८ च्या अमेरिकेबरोबरच्या अणुकराराविरुद्धही अय्यंगार उभे राहिले. म्हणजे फ्यूजन होतंय असं जग नाकारत असताना ते होतंय म्हणाले, आणि पूर्ण झालं असं सरकार सांगत असताना झालं नसावं म्हणाले. दोन्ही वेळा हातात एक आकडा होता आणि दोन्ही वेळा तो आकडा गैरसोयीचा होता.

कोल्ड फ्यूजनवरचा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत गेला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईत भरली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला मुंबईत अय्यंगार गेले. वय ८०.

माझा सेमिनार झाला. मार्क्स ठीकठाक पडले. शेवटच्या स्लाइडवर मी माझ्या जर्नलच्या त्या पानाचा फोटो लावला होता, पुसलेल्या आकड्यांसकट. वर्गात हशा पिकला, कारण प्रत्येकाकडे असं एक पान होतं. सर हसले नाहीत. एवढंच विचारलं, की प्रयोग पुन्हा करशील का?

केला. रूमीला बरोबर घेऊन, एका शनिवारी, खिडकीला पडदा लावून आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं गप्प बसून. या वेळी उत्तर आलं ६.९. पुस्तकापेक्षा अजूनही चार टक्के जास्त. कारण अजून सापडलेलं नाही. व्होल्टमीटरवर संशय आहे.

जर्नलमध्ये ६.९ लिहिलंय. पेनने.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल